जुन्या पिकअपसाठी घरात कोणती हत्यारं ठेवावीत: वापरून सांगतो

जुनी पिकअप घरच्या घरी सांभाळायची असेल तर पहिले पैसे ग्रीस गनला घाला, दुसरे घोड्यांना (उचललेली गाडी टेकवायच्या तिवया). चकचकीत पेटीतला गोट्यांचा (सॉकेटचा) मोठा सेट त्याच्या नंतर, आणि तोही लागलाच तर. दुकानात गेलं की नेमकं उलटं होतं. पेटी डोळ्यात भरते, ती घरी येते, आणि गाडीचा क्रॉस (मागच्या चाकांना जोर देणाऱ्या शाफ्टचा सांधा) कोरडाच राहतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी गाडीबद्दल, म्हणजे माझं सांगणं तुमच्या गाडीला लागू पडतं का ते कळेल. माझी पिकअप 2010 ची, डीआय इंजिनची, साध्या डिझेल पंपाची. पुढं डिस्क, मागं ड्रम, मागच्या एक्सलला पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा). घनसावंगी तालुक्यात आमची मोसंबीची बाग आहे. आमचा आणि भावकीतला माल जालन्याच्या मार्केटला हीच गाडी नेते. आंबे बहाराचा माल पावसाळा सरता सरता निघतो, मृगाचा उन्हाळ्याकडे. त्यामुळं गाडीच्या वाट्याला चिखलही येतो आणि मे महिन्यातली 42-43 अंशाची दुपारही. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचा आम्हाला अभिमान आहे, पण ती मोसंबी बागेतून डांबरीवर आणायची तर काळ्या मातीची पांदणच तुडवावी लागते. गाडी खरी झिजते ती त्या पांदणीत.

तुमची गाडी सीआरडीआय (कॉमन रेलची) असेल तर खालचं डिझेल लाइनचं सगळं सोडून द्या. त्या इंजिनात रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या नळीत, हजार बारच्या वर दाब असतो. चालू गाडीचा पाइप सैल केला तर डिझेलची धार कातडी फोडून आत जाते, आणि ती जखम दिसते छोटी पण हात जाऊ शकतो. साध्या पंपाच्या गाडीला एवढा धोका नाही, तरी इंजेक्टरच्या तोंडाची फवार तिथंही अंगावर घ्यायची नसते. बाकीचं, म्हणजे ग्रीस, ब्रेक, बॅटरी, पाणी, हे कोणत्याही पिकअपला तसंच लागू आहे.

ग्रीस गन. मी लिव्हरची घेतली, अर्धा किलो ग्रीस मावेल अशी. हजार रुपयांच्या आसपास बरी मिळते. घेताना तिच्या तोंडाकडे बघा. निप्पल (गाडीवरचं ग्रीस भरायचं तोंड) धरणाऱ्या आतल्या पाकळ्या घट्ट आणि सारख्या बसलेल्या पाहिजेत, नाहीतर दाब दिला की ग्रीस निप्पलच्या बाजूनं बाहेर सांडतं आणि आत काहीच जात नाही. दुसरी गोष्ट, गनसोबत येणारा सरळ लोखंडी पाइप प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसपर्यंत पोचत नाही. रबरी लवचिक पाइप वेगळा मागून घ्या. दुकानदार तो आपणहून देत नाही, आणि त्याच्याशिवाय गन निम्म्याच कामाची.

नवी गन पहिल्यांदा भरली की बऱ्याच वेळा ग्रीस येतच नाही. आत हवा अडकलेली असते. डोक्याचा आटा अर्धा फेरा सैल करायचा, लिव्हर मारत राहायचं, आट्यातून ग्रीस डोकावलं की परत आवळायचं. गन खराब आहे म्हणून परत करायला निघालेले लोक मी दुकानात पाहिलेत. गन चांगली असते, फक्त तिची हवा काढायची असते.

गाडीखाली शिरल्यावर आधी निप्पल फडक्यानं पुसा. आमच्याकडची माती वाळली की सिमेंटसारखी बसते. न पुसता गन लावली तर तीच माती ग्रीसबरोबर बेअरिंगमध्ये जाते, म्हणजे औषधाच्या नावानं विष. क्रॉसला ग्रीस देताना चारही कपांकडे (क्रॉसच्या टोकांवरच्या बेअरिंगच्या टोप्या) लक्ष ठेवा. चारही बाजूंनी जुनं काळं ग्रीस बाहेर आलं पाहिजे आणि मागून नवं दिसलं पाहिजे. तीनच बाजूंनी आलं तर चौथा कप कोरडा राहिला असं समजा. शाफ्ट फिरवून दुसऱ्या बाजूनं पुन्हा द्या. तो एक कोरडा कप पुढं काय करतो, तर आतल्या सुया गंजतात, मग गिअर टाकताना खालून ‘टक’ असा आवाज येतो, मग भरलेल्या गाडीत थरथर सुरू होते. क्रॉस तुटून शाफ्ट खाली पडलेली गाडी रस्त्यात पाहिली असेल तर ‘टक’ ऐकल्यावर पुढच्या खेपेची वाट बघणार नाही.

बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडला रबरी टोपी असते. तिथं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारायचं नाही, टोपी जरा फुगली की थांबायचं. टोपी फाटली की आत धूळ जाते आणि जॉइंट संपतो. शॅकलच्या (पाट्याच्या टोकाच्या कडीच्या) पिनांना मात्र हात सैल सोडा. गाडी ओढ्याच्या पाण्यातून गेली असेल तर नेहमीची वेळ झाली नसली तरी परत ग्रीस द्या.

ग्रीस लिथियमचं, डब्यावर एनएलजीआय 2 लिहिलेलं घेतो. चाकाच्या बेअरिंगसाठी डब्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, ते वेगळं. दोन जातींचं ग्रीस मी एकात एक मिसळत नाही. निप्पल दहा-वीस रुपयांचं असतं, मूठभर आणून ठेवा. तुंबलेलं निप्पल काढून डिझेलमध्ये धुतलं तर कधी मोकळं होतं, कधी नाही, आणि त्यासाठी अर्धा दिवस घालवण्यात अर्थ नाही.

आता घोड्या. जॅकनं गाडी उचलली की ती ज्यावर टेकवतात त्या लोखंडी तिवया. पाच टनाचा बाटली जॅक आमच्याकडं जवळपास प्रत्येक पिकअपमध्ये असतो, आणि घोड्या जवळपास कुणाकडंच नसतात. त्यांच्या जागी दगड, विटा, नाहीतर लाकडाचा ओंडका. वीट वजनाखाली कधी भुगा होईल याचा नेम नाही, ती तडकण्याआधी सांगत नाही. जॅकचं सील म्हणजे रबराची एक छोटी रिंग. ती बसली की दीड टनाची गाडी एका क्षणात खाली येते. गाडीखालच्या माणसाला सरकायला वेळ मिळत नाही. घरी काम करणाऱ्या माणसासाठी मी दुसरं काहीही मागं ठेवायला सांगेन, घोड्या नाही.

बाजारात दोन प्रकार मिळतात. एकात दाते असतात आणि लिव्हरनं उंची अडते, दुसऱ्यात आरपार भोकं असतात आणि जाड पिन घालायची. मी पिनवाली जोडी घेतली, तीन टनाची, दोन हजारांच्या थोडी वर पडली. पिन आरपार गेलेली डोळ्यांना दिसते, मनात शंका राहत नाही. अँगल कापून वेल्डिंग करून घोड्या बनवून देणारे आहेत, स्वस्तही पडतं. जालना लोखंडाचं गाव, तिथं रोलिंग मिल आहेत, लोखंडाला तोटा नाही. पण कुणाच्या वेल्डिंगखाली झोपायचं हा ज्याचा त्याचा निर्णय. मी शिक्क्याच्या, टनाचा आकडा कोरलेल्या घेतल्या.

काळ्या मातीत जॅक आणि घोडी दोन्ही रुततात. त्यासाठी बाभळीच्या दोन इंच जाडीच्या फळ्या कापून घेतल्या आहेत, फूटभर लांब, फूटभर रुंद. त्या गाडीतच असतात. पावसाळ्यात पांदणीत टायर बदलायची वेळ आली तर फळीशिवाय जॅक फक्त खड्डा करतो. फळी टाकली की गाडी उचलायची, घोडी एक्सलखाली किंवा चासीखाली लावायची, जॅक हळू सोडायचा, आणि खाली शिरण्याआधी गाडीला खांद्यानं एकदा जोरात हलवून बघायचं. ती हलवण्याची सवय आमच्या आबांची. ते बैलगाडीच्या चाकाला वंगण घालायचे तेव्हाही आधी असंच हलवून बघत. जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावायलाच हवेत, हँडब्रेकवर विसंबू नका. मागची चाकं उचलली की हँडब्रेक काहीच धरत नाही.

पान्यांबद्दल फार लिहायची गरज नाही. तापडियाचा बारा नगांचा फिक्स (उघड्या तोंडाच्या) पान्यांचा सेट, 6-7 पासून 30-32 पर्यंत, आणि त्याच मापांतले रिंग पाने. नाशिकची कंपनी, तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानातही माल मिळतो, एखादा पाना हरवला तर सुटा मिळतो. सुटा मिळणं हा मोठा गुण आहे. पिकअपवर 10, 12, 13, 14, 17 आणि 19 हीच मापं सारखी लागतात, 13 तर दुप्पट ठेवावा, कारण बोल्टला एक आणि नटला एक लागतो. नट गंजलेला असेल तर फिक्स पाना लावूच नका, त्याचे कोपरे जातात. रिंग लावा किंवा सहा कोनांची गोटी. गोटी अर्ध्या इंचाच्या चौकोनाची, दहा-बारा मापांची, लांब दांड्यासकट घेतली की पुरे. माझ्या भाच्यानं ऑनलाइन एक मोठी पेटी मागवली होती, कंपनीचं नाव लिहीत नाही. चाकाच्या नटावर जोर दिला आणि गोटी उभी चिरली. त्याच्या बोटाची साल गेली, आणखी काही झालं नाही हे नशीब. पेटीत नग किती यापेक्षा लोखंड कसलं हे बघा.

मल्टिमीटर. साधा डिजिटल, तीनशे-चारशे रुपयांचा. विजेची कामं आपल्याला जमत नाहीत असं म्हणणाऱ्या माणसानंही हा घ्यावा. त्याचे तीन उपयोग आधी शिकायचे आहेत. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर लावला तर भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12.4 च्या खाली गेली तर चार्जिंगला लावा. गाडी चालू करून लावला तर 13.8 ते 14.4 दिसलं पाहिजे. तेवढं दिसत नसेल तर दोष अल्टरनेटरकडं (बॅटरी चार्ज करणारा भाग), बेल्टकडं किंवा वायरिंगकडं आहे. अशा वेळी नवी बॅटरी आणली तर तीही महिनाभरात बसेल.

तिसरा उपयोग फार कमी लोक करतात, पण पैसे वाचवणारा तोच आहे. शेजारच्या मळ्यातल्या एका भावाची गाडी सकाळी सेल्फ (स्टार्टर) घ्यायची नाही, कण्हायची. एका बॅटरीच्या दुकानात त्याला सांगितलं, बॅटरी गेली, नवी टाका. सहा-सात हजारांचा विषय. तो बॅटरी आणायला निघालाच होता. मी म्हणलं, दादा, आधी दहा मिनिटं द्या. मीटर लावला, बॅटरी 12.6. मग मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरली आणि त्याला सेल्फ मारायला सांगितला. तिथं जवळपास शून्य दिसायला पाहिजे, अर्ध्या व्होल्टच्या वर जाता कामा नये. दोन व्होल्ट दिसले. म्हणजे बॅटरीचा करंट सेल्फपर्यंत पोचण्याआधीच वाटेत खर्च होत होता. इंजिन ते चासी अर्थिंगची पट्टी गंजून काळी पडली होती. ती सोडली, दोन्ही टोकं आणि चासीची जागा पॉलिश पेपरनं पांढरी होईस्तोवर घासली, आवळली, वरून थोडं ग्रीस फासलं. गाडी पहिल्या झटक्यात लागली. तीच बॅटरी अजून चालू आहे.

गोठ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात. मागच्या दिव्याची वायर कुठं तुटली ते शोधायलाही हाच मीटर, बीपवर ठेवून. आणि मागचा दिवा हा आमच्यासारख्यांसाठी कागदोपत्री विषय नाही. माल गाडी आठ वर्षांच्या पुढं गेली की फिटनेस दर वर्षी करावा लागतो. पासिंगला इंडिकेटर, ब्रेक लाइट, रिव्हर्सचा दिवा, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या सगळं तपासतात. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की पहाटे अंधारात मोसंबीनं भरलेली गाडी हळू चाललेली असते, आणि मागून येणाऱ्याला आपण दिसलो पाहिजे.

डिझेलची एअर काढायला वेगळं हत्यार घ्यावं लागत नाही, हे लोकांना सांगूनही पटत नाही. साध्या पंपाच्या गाडीत डिझेल संपलं, फिल्टर बदलला किंवा पाइपाची क्लिप सैल झाली की लाइनमध्ये हवा शिरते. सेल्फ मारत राहिलं की बॅटरी उतरते, गाडी लागत नाही, आणि मिस्त्री येईपर्यंत माल उन्हात. करायचं एवढंच की फिल्टरच्या डोक्यावरचा एअरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप दाबत राहायचा, फेसाळ डिझेल येतं ते येऊ द्यायचं, बुडबुडे थांबून सलग धार आली की हातपंप दाबलेला असतानाच स्क्रू आवळायचा. मग पंपावर एअरचा स्क्रू असेल तर तिथं तेच. बहुतेक वेळा तेवढ्यावर गाडी लागते. फिल्टरच्या खालचा पाणी काढायचा स्क्रूही पावसाळ्यात उघडून बघत जा. गावात कॅनमध्ये डिझेल साठवतात, झाकण सैल असलं की पाणी जातं, आणि डिझेलमधलं पाणी पंपाची आणि इंजेक्टरची वाट लावतं. एक मोठं नरसाळं आणि त्यात बारीक जाळी, एवढी खरेदी मात्र करा.

ब्रेकची एअर काढायला एकट्यानं वापरायची एक नळी मिळते, आत उलट न येणारा व्हॉल्व्ह असलेली. मी घेतली आहे. वाईट नाही, पण आटा थोडा झिजलेला असला की बाजूनं हवा ओढते आणि बुडबुडे थांबतच नाहीत. ती नळी आता बाजूला आहे. पोरगी सीटवर बसते, मी खाली. ‘दाब. दाब. धर.’ मी निप्पल उघडतो, ‘गेला खाली’ असं तिनं सांगितलं की बंद करतो, मग ‘सोड.’ साधी पारदर्शक नळी, टोक ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. मध्येमध्ये वरच्या टाकीतलं ऑइल बघत राहायचं, ते संपलं की परत हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून. ती नववीत आहे, आणि पेडल मऊ लागतंय की कडक हे आता तिला माझ्याआधी कळतं. ‘पप्पा, अजून स्पंज आहे,’ म्हणाली की मी वाद घालत नाही.

ब्रेक ऑइलची बाटली उघडी ठेवू नका. ते हवेतली ओल ओढतं, आणि ओल गेलेलं ऑइल गरम झालं की लवकर उकळतं. सपाट रस्त्यावर फरक कळणार नाही. माल घेऊन बीडच्या पुढं गेलात आणि मांजरसुंब्याच्या घाटात ब्रेक सलग धरावा लागला, तर कळेल. टाकीवर डॉट 3 लिहिलंय का डॉट 4 ते वाचून तेच घाला. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग सोलतो.

आता पाण्याचा विषय, आणि इथं मला तळमळीनं सांगायचंय. आमच्या भागात रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालतात. ज्या पाण्यानं ड्रिपची नळी क्षारानं बंद पडते, ज्यासाठी आपण ड्रिपमधून अ‍ॅसिड सोडतो, तेच पाणी रेडिएटरच्या केसाएवढ्या नळ्यांत घालायचं! मग मे महिन्यात काटा वर गेला की कुणीतरी सल्ला देतो, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाका. थर्मोस्टॅट काढला तर थंडीत इंजिन लवकर गरम होत नाही, डिझेल जास्त पितं, लायनर झिजतं, आणि क्षारानं बसलेल्या नळ्या तशाच बसलेल्या राहतात. मूळ दुखणं तिथंच. तयार कूलंट आणा, किंवा कडक कूलंटमध्ये डिस्टिल्ड पाणी डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळा. बॅटरीचं पाणी म्हणून जे मिळतं तेच डिस्टिल्ड पाणी.

रेडिएटर बाहेरून धुवायला फवारणीचा बॅटरी पंप उत्तम. इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं पाणी मारायचं, म्हणजे अडकलेले किडे, भुसा, माती आल्या वाटेनं बाहेर पडते. सर्व्हिसिंग सेंटरच्या जोरदार धारेनं पत्र्याच्या पापण्या वाकतात आणि हवा जाणंच बंद होतं. पंप मात्र वेगळा ठेवलेला बरा. तणनाशकाचा पंप कितीही धुतला तरी तो गाडीजवळ, हातापायाजवळ नको. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दर उन्हाळ्यात कुणाचं ना कुणाचं तोंड भाजतं. गाडी सावलीत लावा, वरचा पाइप हातात धरता येईल एवढा निवू द्या, मग झाकण.

टॉर्क पाना घ्यावा का? माझ्याकडं आहे, अर्ध्या इंचाचा, ठरलेल्या जोरावर ‘कट’ वाजणारा. तीन हजारांच्या आसपास जातो. चाकाच्या नटांसाठी तो मला फार उपयोगी वाटतो, कारण आमच्याकडं व्हील पान्यावर उभं राहून नट आवळायची पद्धत आहे. विचार करा, सत्तर किलोचा माणूस अर्ध्या मीटरच्या दांड्यावर उभा राहिला तर साधारण 340 न्यूटन मीटर जोर पडतो. पिकअपच्या चाकाच्या नटाला एवढा नको असतो, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात आहे. स्टड (नट ज्यावर बसतो तो बोल्ट) ताणला जातो, आणि ताणलेला स्टड पुढं कधीतरी तुटतो, तोही गाडी भरलेली असताना. समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळायचे, आणि चाक बसवल्यावर पन्नासएक किलोमीटर झाले की परत एकदा बघायचे. पैसे मोजकेच असतील तर टॉर्क पाना पुढच्या हंगामाला घ्या, पण पान्यावर उभं राहणं आजच बंद करा. काम झालं की पान्याची मूठ सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायची, नाहीतर आतली स्प्रिंग थकते आणि आकडा खोटा होतो.

पाट्यांसाठी कोणतंही हत्यार घेऊ नका. त्याचा इलाज कॅरेट मोजण्यात आहे. भरलेलं कॅरेट पंचवीस किलोचं धरलं तर पन्नास कॅरेट म्हणजे साडेबाराशे किलो. तुमच्या आरसी बुकात भार किती लिहिलाय तो बघा आणि हिशेब करा. सत्तर भरायचे आणि मग पाट्यांचा सेंटर बोल्ट सारखा का तुटतो विचारायचं, याला उत्तर नाही. पाटा तुटलाच तर पाटेवाल्याकडं जा, ताणलेला पाटा घरी सोडताना उसळतो. फक्त नवा पाटा बसल्यावर पाटे एक्सलला धरणारे यू बोल्ट चार दिवसांनी परत आवळायचे असतात, ते घरी करा. ते कुणी करत नाही, आणि नवा पाटा त्यानंच तुटतो.

डिझेल पंपाची सेटिंग, क्लच प्लेट, हेडचे बोल्ट आणि चासीवरचं वेल्डिंग मी घरी करत नाही. पंपाला टेस्ट बेंच लागतो, तो मोठ्या गावातल्या पंपवाल्याकडं. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्याला दोन माणसं आणि चांगला फरशीचा गाळा पाहिजे. त्यासाठी तीर्थपुरीचे मिस्त्री आहेत. घरी काम सुरू केल्यापासून त्यांच्याशी संबंध उलट चांगले झाले. मी गाडी घेऊन जातो तेव्हा नुसतं ‘आवाज येतोय’ म्हणत नाही, कुठून, कोणत्या गिअरला, भरलेली असताना की रिकामी, हे सांगतो. ते म्हणाले, ‘भाऊ, तुम्ही निम्मं काम करूनच आणता.’ घासलेला बुश नवा मिळाला नाही तर त्यांच्या ओळखीच्या लेथवर गनमेटलचा बनवून मिळतो. जुना बुश सोबत न्यायचा, फोनवरच्या फोटोवरून माप निघत नाही. फोटोचा उपयोग वेगळा आहे, कुठलाही भाग उघडण्याआधी दोन बाजूंनी काढून ठेवला की वॉशर कुठल्या बाजूला होता यावर नंतर भांडण होत नाही.

गाडीत कायम काय असतं तेही लिहितो, कारण पेटी घरी आणि गाडी रस्त्यात असा प्रसंग कुणावरही येतो. 10 ते 19 चे रिंग पाने, पक्कड, पेचकस, जॅक, व्हील पाना, दोन्ही फळ्या, फॅन बेल्ट, डिझेल फिल्टर, दोन-तीन मापांच्या होज क्लिपा, फ्यूज, हातभर वायर, टेप, पाच लिटर कूलंट आणि मीटर. फॅन बेल्ट आणला की त्याच दिवशी जुन्याशी लांबी ताडून बघा. पुडक्यावरचा नंबर बरोबर आणि आतला बेल्ट दुसराच असं होतं, आणि ते रस्त्यात कळून उपयोग नसतो. बसवल्यावर दोन पुलींच्या मधोमध अंगठ्यानं दाबा, साधारण एक सेंटीमीटर दबला पाहिजे. नवा बेल्ट सुरुवातीला ताणतो, म्हणून जालन्याची एक खेप झाली की परत दाबून बघायचा.